शिमग्याची चौथी ओळ

आईचा आवाज अनशीला अजून ऐकू यायचा. तो हवेत विरून चाळीस वर्षं झाली होती, तरी यायचा. बारीक नव्हता, गोड तर नव्हताच. दिवसभर मिठागरात ओरडून खरवडलेला, ओल्या दोरखंडासारखा जाड आवाज. शिमग्याच्या दिवसांत बायका बांधावर ओळीनं उभ्या राहायच्या. पायाशी खारं पाणी, समोर साहेबाची पांढरी माडी. आणि आई पहिली उचल करायची:

साहेबाच्या माडीत पाणी शिरू दे गो, पाणी शिरू दे,
टेबल बुडू दे, खुर्ची तरंगू दे,
बांध फुटून आगर दर्याला मिळू दे...

तिथं आलं की अनशी जीभ टाळूला घट्ट लावायची आणि मनात सुरू करायची, बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा.

चौथी ओळ होती. सात वर्षांत तिनं ती मनातसुद्धा म्हटली नव्हती. कारण मिठबेटावर मनात म्हटलेलं मनात राहत नव्हतं.

बेटाचं सरकारी नाव वेगळं होतं, ते फक्त शिक्क्यावर असायचं. आपली माणसं त्याला मिठबेट म्हणत. पाच-सहा पिढ्यांपूर्वी वेंगुर्ल्याकडून अंगठे घेऊन, गलबतात कोंबून ही माणसं इथं आणली होती. मालक होता हजारो मैलांवरचा एक देश. त्याला बेटावर सगळे ‘थोरला देश’ म्हणत. आधी त्याला मीठ हवं होतं. मग जगात सगळं विजेरीवर चालायला लागलं आणि त्याच खाऱ्या पाण्यातून लिथियम गाळायची कंपनी आली. खारं पाणी आटवायच्या कोंड्या त्याच, बांध तेच, ऊन तर त्याहून कडक. पहिल्याच वर्षी उन्हानं नऊ माणसं कोंडीत पडली. तेव्हा कंपनीनं प्रत्येकाच्या गळ्यात एक पट्टी बांधली. अंग तापलं, नाडी चुकली की पट्टी ओरडायची. माणसं वाचली. लोकांनी तिला प्रेमानं नाव दिलं, कंठी.

मग कंठी शिकली.

माणूस मनात बोलतो तेव्हा त्याचं तोंड मिटलेलं असतं, पण घसा पुरता झोपलेला नसतो. मेंदू शब्द घडवताना जिभेला, गळ्यातल्या बारीक स्नायूंना सवयीनं इशारा धाडतोच. विजेचा तो इशारा इतका क्षीण असतो की ओठ हलत नाहीत, आवाज फुटत नाही. पण कातडीवर केसाहून बारीक तारांची जाळी ठेवली, तर तो टिपता येतो. एका माणसाचे लाखभर इशारे यंत्राला दाखवले की कुठल्या थरथरीला कुठला शब्द, हे यंत्र ताडायला लागतं. बेशुद्ध पडायच्या आधी माणूस मनात ‘मेलो’ म्हणतो. तो शब्द पकडला तर त्याला आधीच सावलीत नेता येईल, असं कंपनीनं सांगितलं. खोटं नव्हतं ते. पण ‘मेलो’ पकडायचा तर त्याच्या मागचे-पुढचे शब्दही पकडावे लागतात.

आणि मनातलं गाणं तर सगळ्यात स्वच्छ उमटायचं. चाल धरायची म्हणजे गळा सूर बांधतो, बांधताना ताणतो, आणि ताणला की इशारा ठसठशीत होतो. म्हणून दोन-तीन वर्षांत बेटावरचं गाणं आटलं. आधी बांधावरचं, मग घरातलं, शेवटी मनातलं. त्याऐवजी सगळं बेट पाढे म्हणायला लागलं. फावडं मारताना, बांध लिंपताना, साहेब समोरून जाताना मनात नुसते पाढे. पाढ्यात कंठीला काही सापडत नाही, हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना कळलं होतं.

अनशीला ते सगळ्यांपेक्षा जास्त कळलं होतं, कारण ते पाढे तीच वाचायची.

बेटावर लोक समजत की अनशी कंपनीच्या हवामान-खोलीत उन्हापावसाच्या नोंदी करते. कंठीचं वाचन थोरल्या देशात कुठलं तरी यंत्र करतं, असंही समजत. यंत्र करायचं, खरं. पण बेटावरची भाषा तिथल्या यंत्राला पुरती झेपत नव्हती. मालवणीची गाठ कुठं, परक्या शब्दाचं ठिगळ कुठं, शिवी कुठं आणि लाड कुठं, हे सांगायला भाषेतलं माणूस लागायचं. ते माणूस म्हणजे अनशी. तिच्यापुढे ओळी यायच्या, नाव नसलेल्या; कुणाची ओळ कुठली, ते फक्त कंपनीला ठाऊक. तिनं फक्त एक खूण करायची. निरर्थक, गाणं, किंवा इरादा. दिवसाला सहाशे ओळी. त्यांतल्या चारशे पाढे.

आणि खूण करणारीच्या गळ्यातही कंठी असायचीच. ओळ वाचताना तिच्या मनात कुणाचं नाव आलं तर कंपनीला कळायला हवं ना.

सात वर्षांपूर्वी, शिमग्याच्या आदल्या मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, पडद्यावर तीन ओळी आल्या. साहेबाच्या माडीत पाणी शिरू दे. टेबल बुडू दे, खुर्ची तरंगू दे. बांध फुटून आगर दर्याला मिळू दे. चौथी नव्हती, मधेच कामाचा भोंगा झाला असेल.

हे गाणं सगळं बेट म्हणायचं, पण सगळे त्यात माडीला आग लावायचे. पाणी फक्त आई घालायची. ‘आग लावून काय मिळतलं? लाकूड आपल्याच रानातलं,’ म्हणायची. पाणी घालणारे जगात दोनच जीव उरले होते. एक अनशी, दुसरा तिचा धाकटा भाऊ धाकू.

‘गाणं’ अशी खूण केली की खाली एक रकाना उघडायचा: हे गाणं आणखी कोणाला ठाऊक आहे? तिथं लिहायचं काय? मला, आणि माझ्या भावाला? ओळखीच्या माणसाची ओळ आली तर ती सोडून द्यायची, असा नियम होता. सोडली की ती थोरल्या देशाच्या यंत्राकडे जाणार, आणि ओळखीचं माणूस कोण, हे इथं विचारणार. त्या महिन्यात तिनं अकरा ओळींना गाणं म्हटलं होतं. तिच्या खोलीवरच्या लिओनार्ड साहेबानं हसत हसत विचारलंही होतं, “फार गाणी ऐकू येतात हो तुम्हाला?”

अनशीनं जीभ टाळूला लावली. बे एके बे. इराद्याला काय, दोन दिवस समज देतात, सही घेतात, सोडतात. बे दुणे चार. तिनं इरादा दाबलं.

गुरुवारी उधाणाची भरती आली आणि पश्चिमेचा बांध फुटला. दर्यानं फोडला, दुसऱ्या कुणी नाही. पण कंपनीनं आठवड्याच्या खुणा चाळल्या. शुक्रवारी धाकूला बांधावरूनच उचललं आणि खाडीच्या तोंडाशी नांगरलेल्या कैद्यांच्या तराफ्यावर नेऊन ठेवलं. आरोप लिहिला नाही, न्यायाधीश आला नाही. प्रशासकाची एक सही, बस्स. चौदा महिन्यांनी निरोप आला: छातीत पाणी होऊन वारला, दर्यात सोडला.

*

“वन्सं, येताय ना तुम्ही?”

धाकूची बायको शेवंता चुलीपाशी उकिडवी बसून घावणे काढत होती. एका हातानं घावणा उलटत होती, दुसऱ्या हातानं कागदांची पिशवी छातीशी धरून होती. त्या पिशवीपायी सात वर्षांत तिचे केस पिकले होते.

“येतंय गो,” अनशी म्हणाली.

“कामावर काय सांगितलंत?”

“पोटात दुखतंय म्हणून.”

“या वयात खोटं बोलायला शिकलात!” शेवंता हसली. मग एकदम गंभीर झाली. “आज तो कागद त्यांच्या टेबलावर आपटतंय बघा.”

तो कागद म्हणजे माणसाच्या हक्कांचा करार. एकोणीस वर्षांपूर्वी थोरल्या देशानं त्यावर सही केली होती. कोणालाही न्यायाधीशापुढे उभं केल्याशिवाय कोंडता येणार नाही, असं त्यात होतं. न उच्चारलेला शब्द ज्याचा त्याचा, दुसऱ्या कुणाचा नाही, असंही होतं. म्हणून थोरल्या देशात कंठी बांधणं हा गुन्हा होता. पण शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एक कलम होतं: दर्यापारच्या ताब्यातल्या प्रदेशांना हा करार वेगळं पत्र पाठवल्यावर लागू होईल. ते पत्र एकोणीस वर्षांत कुणी पाठवलं नव्हतं. तिथल्या माणसाचा गळा गळा होता, इथल्या माणसाचा गळा कंपनीचा.

शेवंतानं बेटभर फिरून अंगठे गोळा केले, अर्ज केले, परत आलेले अर्ज पुन्हा केले. शेवटी करारावर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनं तीन माणसं पाठवली. पत्र पाठवायची खरंच गरज आहे का, एवढंच बघायला.

कुंपणावर काहीतरी आपटलं. शेवंतानं मान वळवलीही नाही.

“आला मेला. बांगडे टांगून गेला असेल. मांजराला घाला, वन्सं.”

तो बाबल होता. धाकूच्या जोडीला एकाच कोंडीत फावडं मारायचा. धाकूला नेलं त्या दिवशी दुपारी बाबलला कचेरीत बोलावलं होतं, आणि पुढच्या आठवड्यात त्याला सावलीतलं काम मिळालं. शेवंताला आणखी काय पुरावा हवा होता? सात वर्षं तो दर रविवारी कुंपणाला मासे टांगायचा आणि सात वर्षं ती ते मांजराला घालायची. बेटावर एवढं लठ्ठ मांजर दुसरं नव्हतं.

“आज सगळ्यांसमोर नाव घेतंय त्याचं,” शेवंता म्हणाली. “माझ्या घोवाची चुगली कोणी केली, ते लिहूनच घ्या म्हणावं.”

अनशीच्या हातातला घावणा तसाच राहिला.

*

सुनावणी शाळेच्या सभागृहात होती. शेवंता पुढे गेली. अनशी मागून सावकाश चालली होती. बांधाच्या वळणावर बाबल बसला होता, दुखरा पाय लांब करून.

“बस जरा,” तो म्हणाला.

“उशीर होतलो रे.”

“सात वर्षं झालाच आहे.” त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. समोर कोंड्यांचे पांढरे चौकोन तापत होते. “तिला सांग, माझं नाव आज नको घेऊ.”

“घाबरलास?”

“माझं काय जातंय! सात वर्षं शिव्या खातंय, दोन जास्तीच्या. पण तो कंपनीचा वकील तिथं बसलाय. ती म्हणणार, शेजाऱ्यानं चुगली केली. तो म्हणणार, बघा, ह्यांचं ह्यांच्यातलं भांडण, कंठीचा काय दोष? संपलं. पत्र येत नाही मग.”

अनशी त्याच्या शेजारी टेकली.

“कचेरीत मला विचारलं होतं, धाकू काय बोलायचा. मी पाढे म्हटले. तोंडानं म्हटले, सतराचा सुद्धा.” बाबल कसंनुसं हसला. “पाय तिथंच मोडला माझा. म्हणून सावलीतलं काम.”

“हे तू शेवंताला कधी सांगितलं नाहीस?”

“तिला कुणावर तरी राग धरायलाच हवा होता. माझ्यावर धरला तर माझं घर दुसऱ्या गल्लीत आहे. तुझ्यावर धरला असता तर ती जेवली असती कोणाबरोबर?”

अनशीच्या पायाखालचा बांध हलल्यासारखा झाला.

“हवामान-खोलीला खिडकी नाय, अनशी,” बाबल हळूच म्हणाला. “मी बाहेरून लिंपलीय ती भिंत. बिनखिडकीच्या खोलीत बसून ऊन कसं मोजतेस गो तू?”

*

सभागृहात पंखे गरगरत होते. टेबलामागे समितीची तीन माणसं होती. मधे करड्या आखूड केसांची अध्यक्ष बाई, कानात भाषांतराचं बारीक यंत्र घालून. उजवीकडे कंपनीचा वकील. बाकांवर सगळं बेट. आज कोंड्यांवरचं काम बंद होतं, समितीमुळे सगळ्यांच्या कंठ्या काढल्या होत्या, पण बायकांचे हात अधूनमधून उघड्या गळ्याकडे जात होते. पट्टीची जागा सगळ्यांचीच पांढरी पडली होती.

वकील मऊ बोलत होता. “कंठीनं चाळीस जणांचे जीव वाचवले. आणि कोणतीही ओळ केवळ यंत्राच्या भरवशावर धरली जात नाही. बेटाची भाषा जाणणारं माणूस ती तपासतं. त्या माणसानं आजवर एकही तक्रार केलेली नाही. चूक होतच नाही, तर करार लागू करून काय साधणार?”

मग शेवंता उभी राहिली. धाकूचं सगळं सांगितलं तिनं, न रडता. शेवटी तिनं बाकांकडे वळून बोट उगारलं. “आणि त्याची चुगली ज्यानं केली, तो इथंच बसलाय. हा, बाबल!”

वकिलानं मान किंचित झुकवली. “म्हणजे बाईंचंच म्हणणं आहे की कंठीचा यात संबंध नाही. हा शेजाऱ्यांमधला प्रश्न झाला.”

शेवंताचं बोट तसंच हवेत राहिलं. आपण काय केलं, हे तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरत गेलं.

अनशी उभी राहिली.

“मी ती तपासणारी,” ती म्हणाली.

कुणाला कळलं नाही. अध्यक्ष बाईंनी कानातलं यंत्र दाबलं आणि तिला पुन्हा बोलायला सांगितलं.

“वकील म्हणाले ना, भाषा जाणणारं माणूस? ते माणूस मी. नऊ वर्षं. ह्या बाकांवर बसलेल्या सगळ्यांच्या मनातलं वाचलंय मी.”

पुढच्या बाकावरच्या बाईनं आपला गळा पदरानं झाकला. मग तिच्या शेजारणीनं झाकला. मग सगळ्यांनी.

अध्यक्ष बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, “तुमची साक्ष आम्ही बंद खोलीत घेऊ शकतो. तुमचं नाव कुठंही येणार नाही. इथं बोललात तर ते परत घेता येणार नाही. आणि मी तुम्हाला अंधारात ठेवणार नाही. करार लागू झाला, तरी तो पुढच्यासाठी असतो. मागं जे घडलं त्याचा न्याय त्यातून मिळेलच, असं नाही.”

“नाही मिळणार,” अनशी म्हणाली. “तो वारला.”

ती समितीकडे पाठ करून शेवंताकडे वळली. पट्टी नसलेल्या गळ्यावर वारा लागत होता आणि तो गळा तिला दुसऱ्याच कुणाचा वाटत होता.

“शेवंते, बाबलानं काही केलं नाही. त्याचा पाय त्यांनी मोडला, तरी तो पाढे म्हणत राहिला. त्या मंगळवारी तीन ओळी माझ्यासमोर आल्या. नाव नव्हतं. पण मला कळलं, आमचा धाकू. आग सोडून पाणी आमची आईच घालायची.”

“वन्सं, बसा खाली,” शेवंता म्हणाली. तिचा आवाज आर्जवी होता, जणू आजारी माणसाला म्हणत होती. “बसा. तुमचं पोट दुखतंय.”

“गाणं म्हणून खूण केली असती तर मला विचारलं असतं, कोणाचं. माझी जागा गेली असती. मी इरादा लिहिलं. वाटलं, समज देऊन सोडतील. मग बांध फुटला.”

शेवंताच्या हातातली कागदांची पिशवी सुटून खाली पडली आणि तिनं ती उचलली नाही.

“आक्षेप आहे,” वकील उठला. “त्या ओळींत बांध फोडण्याची धमकी स्पष्ट होती. कोणीही तोच अर्थ लावला असता.”

“तीन ओळींचा,” अनशी म्हणाली. “गाणं चार ओळींचं आहे.”

“चौथी काय होती?” अध्यक्ष बाईंनी विचारलं.

जीभ आपोआप टाळूला गेली. बे एके बे. बे दुणे... सात वर्षांची सवय. समोर शेवंताचे डोळे होते, कोरडे, न ओळखणारे. यापुढं त्या घरात आपल्याला ताट मिळणार नाही, हे अनशीला कळून चुकलं होतं.

“आमच्याकडे शिमग्यात साहेबाला शिव्या द्यायची रीत आहे,” ती म्हणाली. “पोटात काही राहू नये म्हणून. आणि पाडव्याला सकाळी, ज्यांनी शिव्या दिल्या तेच जाऊन बांध लिंपतात. आई पहिली जायची. धाकूला पाठुंगळीला घेऊन. तो चिखलात हात घालायचा आणि तिच्यामागून म्हणायचा.”

तिनं जीभ टाळूपासून सोडवली. आवाज आईसारखा मुळीच आला नाही. फाटका, घोगरा आला, चाल मधेच मोडली. पण आला, आणि उघड्या गळ्यातून आला. बेटावर कित्येक वर्षांनी कुणीतरी तोंडानं गात होतं:

“पाडव्याच्या सकाळी माझ्या ह्याच हातांनी गो, बांध पुन्हा घालू दे.”